शनिवारीं थांबणारा घाणा



कांहीं नांवें अशीं असतात कीं, त्या एका शब्दांत एका समाजाची सारी कहाणी सांठवलेली असते. पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत असें एक नांव होतें. तें म्हणजे 'शनवार तेली'. समुद्रकांठच्या गांवांत तेलाचा धंदा करणारे कांहीं लोक दर शनिवारीं आपला घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना हें नांव दिलें. जे तेली महादेवाच्या वाराचा मान राखून सोमवारीं घाणा थांबवीत, त्यांना 'सोमवार तेली' म्हणत. वार निराळा, पण धंदा एकच. तेव्हां गांवकऱ्यांना या रीतीचें फारसें नवल वाटलें नाहीं. हे शनवार तेली म्हणजे महाराष्ट्रांतील यहुदी, अर्थात् बेने इस्रायल लोक होत. 'बेने इस्रायल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्रायलाचे पुत्र' असा आहे.

ज्याचें पोट हातावर आहे अशा माणसानें सात दिवसांतून एक दिवस आपण होऊन धंदा बंद ठेवावा, ही गोष्ट लहान नव्हे. वर्षाचे बावन्न दिवस तेल निघावयाचें नाहीं, विक्री व्हावयाची नाहीं, आणि बैलाला वैरण मात्र घालावी लागावयाची! इतकें नुकसान सोसून या लोकांनीं तो दिवस कां सांभाळला, तो सांभाळण्यासाठीं घरांतील लहानथोरांस काय काय करावें लागे, आणि त्यापासून आपण काय शिकावें, याचा विचार या पाठांत करूं.

हे लोक कोण?

बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी सांगते कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेच्या उत्तरेस नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें. त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें जिवंत किनाऱ्यास लागलीं. जे बुडाले त्यांचीं प्रेतें नवगांव येथें पुरण्यांत आलीं. त्या जागीं आज त्यांचें स्मारक उभें आहे. वांचलेल्या माणसांजवळ ना द्रव्य उरलें, ना धर्मग्रंथ. पुढें त्यांची संतति कोंकणच्या गांवोगांवीं पसरली. तिनें मराठी भाषा आपली मानली, मराठी वेष घेतला, आणि गांवांचीं नांवेंच आडनांवें म्हणून धारण केलीं. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, नवगांवचे ते नवगांवकर, किहीमचे ते केहीमकर. पोटासाठीं त्यांनीं तेलाचा घाणा धरला.

ग्रंथ गेले, भाषा गेली, परंतु चार गोष्टी त्यांच्यापाशीं उरल्या. मुलाची आठव्या दिवशीं सुंता करणें. खाण्यापिण्याचे विधिनिषेध पाळणें. देव एकच आहे असें सांगणारी 'शेमा' ही छोटी हिब्रू प्रार्थना म्हणणें. आणि शनिवारीं काम न करणें. या शेवटच्या गोष्टीला यहुदी लोक 'शब्बाथ' म्हणतात. देवानें सहा दिवसांत सृष्टि निर्माण केली व सातव्या दिवशीं विसांवा घेतला, म्हणून मनुष्यानेंही तसें करावें, अशी त्यांची श्रद्धा आहे.

शुक्रवार : तयारीचा दिवस

आपला दिवस सूर्योदयापासून सुरू होतो. यहुदी लोकांचा दिवस आदल्या सूर्यास्तापासून सुरू होतो. त्यामुळें त्यांचा शनिवार शुक्रवारीं सायंकाळींच येऊन दाराशीं उभा राहतो. एकदां सूर्य मावळला म्हणजे चूल पेटवावयाची नाहीं, स्वयंपाक करावयाचा नाहीं, दळावयाचें नाहीं, पैशाचा व्यवहार करावयाचा नाहीं. म्हणून उद्यांचें जें जें काम असेल तें तें शुक्रवारीं दिवस मावळण्यापूर्वीं उरकावें लागतें. म्हणजे विसांव्याचा खरा पाया शुक्रवारच्या श्रमांत असतो.

शंभर वर्षांमागील कोंकणांतील अशा एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणूं. पहांटेपासूनच घरांत लगबग चाले. कोणी विहिरीचें पाणी ओढून घागरी व हंडे भरून ठेवी. कोणी अंगण झाडी. जमीन सारवली जाई. तांब्यापितळेचीं भांडीं चिंच व राख लावून लखलखीत केलीं जात. आई जात्यावर पीठ दळी, पाट्यावर वाटण वाटी, नारळ खवून त्याचें दूध काढी. या नारळाच्या दुधाचा येथें मोठा उपयोग होता. मांस व दूध एकत्र शिजवूं नये व एकत्र खाऊं नये, असा यहुदी लोकांचा नियम आहे. तेव्हां कालवणाला दाटपणा व गोडी आणावयाची ती गाईम्हशीच्या दुधानें नव्हे, तर नारळाच्या दुधानें. धर्माचा नियम परदेशचा, आणि तो पाळण्याचें साधन मात्र कोंकणच्या परसांतलें! मांसांत रक्ताचा अंश राहूं नये म्हणून तें पाण्यांत भिजवून, मीठ लावून कांहीं वेळ ठेवीत व पुन्हां स्वच्छ धुवून घेत. हें काम घाईचें नव्हे. तेव्हां तें सकाळींच हातीं घ्यावें लागे.

मासळी घ्यावयास मुलांना पाठविलें, तर त्यांनाही ठाऊक असे कीं, ज्या माशाला खवले व पर आहेत तोच घ्यावयाचा. बांगडा चाले, सुरमई चाले. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या चालत नसत. याविषयीं एक गोष्ट त्या समाजांत सांगितली जाते. डेव्हिड राहाबी नांवाचा एक विद्वान् यहुदी कोंकणांत आला. शनिवार पाळणारे हे तेली खरोखर आपल्या धर्माचे आहेत काय, याची त्याला परीक्षा पाहावयाची होती. त्यानें निरनिराळ्या जातींचे मासे आणून घरांतील स्त्रियांजवळ रांधावयास दिले. स्त्रियांनीं खवले व पर नसलेले मासे निवडून बाजूला काढले आणि म्हटलें, हे आम्ही खात नाहीं. तेव्हां राहाबीची खात्री पटली. पुढें त्यानें तिघांना धर्मशिक्षण दिलें व काजी म्हणून नेमलें, असें परंपरा सांगते. विद्यार्थिमित्रांनो, या गोष्टीचें मर्म ध्यानांत घ्या. ग्रंथ बुडाले होते. पुरुषांस हिब्रू वाचतां येत नव्हतें. पण सूप घेऊन स्वयंपाकघरांत बसलेल्या बायकांनीं तो ग्रंथ आपल्या हातांत जिवंत ठेवला होता.

दुपार टळली कीं घाईला ऊत येई. कालवण शिजलें, भात झाला, भाकऱ्या भाजून फडक्यांत गुंडाळून ठेविल्या. उद्यांचें अन्नही आजच तयार झालें. घाण्यावरचा शेवटचा घाणा काढून पुरुष घरीं येई, बैल सोडून त्याला पाणी दाखवी. मग सर्वांचीं स्नानें होत व धुतलेलीं वस्त्रें अंगावर चढत. सूर्य क्षितिजाला टेकण्यापूर्वीं घरची स्त्री डोक्यावर पदर घेऊन शब्बाथाचा दिवा लावी. कांचेच्या पेल्यांत पाणी, त्यावर खोबऱ्याचें तेल, व त्यांत वात, असा तो दिवा असे. आठवडाभर जें तेल विकून पोट भरावयाचें, त्याच तेलाचा थोडासा अंश या दिव्यांत पडे. दिवा लागला कीं काम संपलें.

सायंकाळच्या प्रार्थनेनंतर घरधनी हातांत पेला घेऊन त्या दिवसाला पवित्र मानणारे शब्द उच्चारी. द्राक्षरस मिळत नसल्यास काळ्या मनुका भिजवून केलेलें सरबत पेल्यांत असे. त्याचा घोट घरांतील प्रत्येकाला मिळे. पानावर दोन पाव ठेवण्याची यहुदी लोकांची जुनी रीत आहे. तिचें कारण असें कीं, इस्रायल लोक रानांत फिरत असतां देवानें त्यांना मान्ना नांवाचें अन्न रोज दिलें, परंतु शुक्रवारीं मात्र दुप्पट दिलें, म्हणजे शनिवारीं कोणास अन्न गोळा करावयास जावें लागूं नये. ते दोन पाव त्या दुप्पट अन्नाची खूण होत.

शनिवार : विसांव्याचा दिवस

यहुदी पंडितांनीं शब्बाथाच्या दिवशीं वर्ज्य अशा कामांचे ३९ प्रकार सांगितले आहेत. नांगरणें, पेरणें, कापणें, दळणें, शिजविणें, विणणें, शिवणें, लिहिणें, अग्नि पेटविणें, हीं त्यांपैकीं कांहीं होत. फळें व बिया पिळून रस अथवा तेल काढणें हेंही मळणीच्या कामाखालीं येतें. म्हणजे तेल्याचा तर सारा धंदाच या यादींत सांपडला!

हा घाणा कसा चाले हें आजच्या शहरांतील मुलांस ठाऊक नसेल. लांकडाच्या मोठ्या उखळांत तीळ किंवा खोबरें घालावयाचें. त्यांत एक जड लांकडी लाट उभी करावयाची. आणि तिला जोडलेल्या दांडीला बैल जुंपून त्याच्या डोळ्यांवर झांपड बांधावयाची. तो बिचारा दिवसभर एकाच वर्तुळांत फिरतो. तेल खालीं झिरपतें आणि पेंड मागें राहते. घाण्याच्या बैलासारखें राबणें ही म्हण आपण सहज वापरतों. पण तिच्यांत त्या मुक्या जनावराचे किती कष्ट भरले आहेत याचा विचार करीत नाहीं.

आतां शब्बाथाच्या आज्ञेंतील सर्वांत सुंदर भाग पाहा. ती आज्ञा केवळ घरधन्याला सांगितलेली नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, दारांत उतरलेला परका मनुष्य, आणि बैल व गाढव यांनाही त्या दिवशीं विसांवा द्यावा, असें त्या आज्ञेंत स्पष्ट म्हटलें आहे. धनी निजला आहे व नोकर घाणा चालवीत आहे, हें चालावयाचें नाहीं. शनिवारीं त्या बैलाच्या डोळ्यांवरची झांपड निघे, आणि तो झाडाच्या सावलींत स्वस्थ रवंथ करीत बसे. तसेंच शुक्रवारीं जी आई दिवसभर चुलीपुढें घामाघूम झाली, तिची चूलही शनिवारीं थंड राही. आदल्या दिवशीं शिजवून ठेवलेलें, किंवा निखाऱ्यावर आधींच ठेवून कोमट राहिलेलें अन्न सर्वांनीं मिळून खावयाचें. परंतु या नियमाला एक मोठा अपवाद आहे. कोणाचा जीव धोक्यांत असेल तर सारे नियम बाजूला ठेवून त्याला वांचवावें. अशा वेळीं काम करणें हाच धर्म होय.

मग हा मोकळा दिवस लोक कसा घालवीत? सकाळीं प्रार्थनेसाठीं एकत्र जमत. गांवांत प्रार्थनामंदिर नसे त्या काळीं कोणाच्या तरी घरींच जमावें लागे. मुंबईंतील पहिलें प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं बांधलें. हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांत अंमलदार होते आणि टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धांत कैद होऊन पुढें सुटून आले होते. त्या मंदिराचें नांव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार. बेने इस्रायल लोक आपल्या बोलण्यांत प्रार्थनामंदिराला 'मशीद' असेंच म्हणत. अलिबाग येथील मंदिर १८४८ सालीं झालें व १९१० सालीं पुन्हां बांधण्यांत आलें. तें ज्या आळींत आहे तिचें नांवच 'इस्रायल आळी' आहे. जॉन विल्सन या मिशनऱ्यानें १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत छापिलें, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर या विद्वानानें हिब्रू प्रार्थनांचें मराठींत भाषांतर केलें. अशा रीतीनें गमावलेली भाषा मराठीच्या हाताला धरून त्यांच्याकडे परत आली.

सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरील निदान दहा पुरुष लागतात, अशी त्यांची जुनी रीत आहे. तेव्हां ज्या गांवांत अशीं थोडींच घरें असत, तेथें प्रत्येक माणसाची किंमत मोठी. एकजण आला नाहीं तर इतर नऊजण खोळंबत. प्रार्थनेनंतर आप्तेष्टांच्या भेटी, आजाऱ्याची विचारपूस, दुपारची झोंप, आणि तिसऱ्या प्रहरीं ओटीवर बसून आजोबांच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकणें, असा दिवस जाई. मुलांच्या मित्रमंडळींत कोळ्याचीं, आगऱ्याचीं, ब्राह्मणाचीं मुलें असत. आज शनिवार आहे, आज तो आपल्याबरोबर मासळी धरावयास येणार नाहीं, हें त्यांना न सांगतां कळे. शेजारधर्म म्हणतात तो हाच. शेजाऱ्याचा नेम आपल्याला पटलाच पाहिजे असें नाहीं. पण तो मोडण्याचा आग्रह आपण धरूं नये.

या शेजाराची छाया त्यांच्या सणांच्या नांवांवरही पडली आहे. पुरीम हा सण आपल्या शिमग्याच्या सुमारास येतो, म्हणून त्याला ते 'होळीचा सण' म्हणत. यरुशलेमचें मंदिर नष्ट झालें त्या दुःखाच्या उपवासाला त्यांनीं 'बिरड्याचा रोजा' असें नांव दिलें होतें. कारण तो उपवास वालाच्या बिरड्यानें सोडीत. दुःख हजारों मैलांवरील यरुशलेमचें, आणि ताटांत बिरडें कोंकणचें!

शनिवारीं सायंकाळीं मुलें अंगणांत उभीं राहून आकाशाकडे टक लावून पाहत. तीन तारे दिसले म्हणजे शब्बाथ संपला. मग पेला, सुगंधी पदार्थ व दिवा यांवर आशीर्वाद म्हणून त्या दिवसाला निरोप देत. सुगंधाचा हेतु असा कीं, पवित्र दिवस गेल्याची खिन्नता त्या वासानें हलकी व्हावी. नंतर एलिया संदेष्ट्याचीं गाणीं होत. या एलियावर कोंकणांतील यहुदी लोकांची विशेष भक्ति आहे. अलिबागेजवळ सागाव-खंडाळे येथील एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांची खूण उमटली आहे, असें ते मानतात. नवस फेडावयाचा असला म्हणजे त्याच्या नांवानें 'मलिदा' करतात. त्यांत भिजवलेले पोहे, ओलें खोबरें, साखर, वेलची व सुकामेवा घालतात आणि त्याबरोबर फळें मांडतात.

रविवार : पुन्हां घाणा

रविवारीं पहांटे बैल पुन्हां जुंपला जाई आणि घाण्याची करकर सुरू होई. शनिवारची विक्री बुडाली ती बुडालीच; परंतु मनुष्य व जनावर दोघेही ताजेतवाने झालेले असत.

खेड्यांत हें ठीक होतें. कारण घाणा स्वतःचा होता व तो थांबविणें आपल्या हातीं होतें. परंतु अठराव्या शतकापासून पुष्कळ बेने इस्रायल कुटुंबें मुंबईस आलीं. कोणी पलटणींत शिरले, कोणी गोदींत, कोणी कचेऱ्यांत. तेथें दुसऱ्याची चाकरी होती. गिरणीकामगारांना तर पुष्कळ काळपर्यंत आठवड्याची सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं चळवळ करून १८९० सालीं मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली, हा आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांतील अभिमानाचा प्रसंग होय. परंतु यहुदी चाकरमान्यापुढें निराळाच पेंच होता. सर्वांच्या सुटीचा वार रविवार. त्याच्या धर्माचा वार शनिवार. शनिवारीं न जावें तर पगार जातो, कदाचित् नोकरीही जाते. जावें तर बापजाद्यांचा नेम मोडतो. पुष्कळांना नाइलाजानें शनिवारीं कामावर जावें लागे. जो नेम समुद्राच्या लाटांत बुडाला नाहीं, तो कचेरीच्या हजेरीपटापुढें डळमळूं लागला! तरीही शुक्रवारच्या सायंकाळीं घरीं दिवा लागत असे. पूर्ण व्रत झेपलें नाहीं म्हणून त्यांनीं तें सगळेंच टाकून दिलें नाहीं. जेवढें साधेल तेवढें घट्ट धरलें. हीही शिकण्यासारखी गोष्ट आहे.

१९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें. त्या सुमारास भारतांत बेने इस्रायल लोकांची संख्या सुमारें वीस हजार होती. पुढील वर्षांत त्यांतील बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. आज येथें कांहीं हजार माणसेंच उरलीं आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इस्रायलमध्यें शनिवार हाच साऱ्या देशाच्या सुटीचा वार आहे. मुंबईंत ज्या दिवसासाठीं मनाची ओढाताण होई, तो तेथें आपोआप मिळतो. आणि इकडे कोंकणांत मंदिरें उभीं आहेत, पण कित्येक ठिकाणीं दर शनिवारीं दहा पुरुष जमणेंही अवघड झालें आहे. तेलाचे घाणेही बहुतेक गेले. 'शनवार तेली' हें नांव तेवढें मागें राहिलें.

आपण काय शिकावें?

मित्रांनो, सुटी म्हणजे आळस नव्हे, हें आपण नेहमीं ऐकतों. या पाठांत त्याहून निराळें एक तत्त्व आहे. विसांवा आपोआप मिळत नाहीं. तो आधीं कोणी तरी श्रम करून तयार करावा लागतो. आणि तो विसांवा खरा तेव्हांच, जेव्हां घरांतील कोणीही त्यांतून वगळलें जात नाहीं.

आतां आपल्या घरचा रविवार पाहा. वडील वर्तमानपत्र वाचीत बसतात, मुलें खेळावयास जातात, पाहुणे येतात, जेवणांत कांहीं गोड पदार्थ असतो. त्या दिवशीं आई काय करीत असते? पुष्कळ घरांत इतर दिवसांपेक्षां रविवारींच तिला अधिक काम पडतें. म्हणजे आपण सर्वजण धनी झालों, आणि घाण्याला जुंपलेली तेवढी ती राहिली! घाण्याच्या मुक्या बैलाचीही आठवण ठेवणारी रीत ज्या गरीब तेल्यांनीं पाळली, त्यांच्यापुढें आपल्याला मान खालीं घालावी लागेल.

म्हणून येत्या शनिवारीं एवढें करून पाहा. शाळा सुटल्यावर उद्यांच्या कामांची यादी करा. पाणी भरणें, भाजी निवडणें, कपडे धुणें, भांडीं घासणें, यांपैकीं जें तुमच्या हातून होण्यासारखें असेल तें त्याच दिवशीं उरका. हीं कामें मुलींचीं व तीं मुलांचीं असा भेद करूं नका. पालकांनींही या कामीं मुलांस अडवूं नये, उलट स्वतः हात लावावा. रविवारचें जेवण साधें झालें तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

मग रविवारीं दुपारीं आईला ओटीवर स्वस्थ बसलेली पाहा. तिला एखादी जुनी गोष्ट सांगावयास सांगा, आणि ती सांगेल तेव्हां मध्येंच उठून जाऊं नका.